छापून आलेला संत

जुळाऱ्याला सगळे संत पाठ होते, पण भक्तीने नव्हे, बोटांनी. चर्चच्या मागे, सायकली ठेवायच्या पत्र्याच्या शेडला लागून एक छापखाना होता. पायाने मारायचं एक मशीन, खिळ्यांच्या खणांची चार लाकडी कपाटं, शाईचा वास आणि एक उंच स्टूल, एवढाच त्याचा पसारा. खिळे म्हणजे शिशाची एकेक अक्षरं. ती चिमटीत उचलायची, ओळीत बसवायची, ओळीखाली ओळ रचायची, आणि काम झालं की पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकायची. हे करणारा तो जुळारी. इतकी वर्षं तो त्याच स्टुलावर बसून हेच करत आला होता आणि लोक त्याचं खरं नाव विसरले होते. त्यालाही त्याचं फारसं वाईट वाटत नसे. त्याच्या मते माणसाची ओळख कामाने व्हावी, आणि त्याच्या कामात चूक नसे. निदान असं तो म्हणे, आणि कोणी तपासायला जात नसे.

दर आठवड्याला चार पानांचं पत्रक निघे. पहिल्या पानावर फादरांचं प्रवचन, जे फादरांखेरीज कोणी वाचत नसे. मधल्या दोन पानांवर लग्नं, बाप्तिस्मे आणि मयती. आणि शेवटच्या पानावर ‘आभार’. पत्रक हातात पडलं की सगळे आधी ते उलटं करत.

या आभारांची रीत सोपी होती. माणूस अडचणीत आला की आपल्या आवडत्या संताला गळ घाली, ‘एवढं काम कर, तुझं नाव छापून आणतो.’ काम झालं की दाराशी टांगलेल्या पेटीत चिठ्ठी पडे. खाली सही नाही, नुसतं ‘एक भाविक’. मात्र कशाबद्दल आभार ते लिहायलाच हवं, हा फादरांचा नियम. त्याचं कारण असं की एकदा कोणीतरी ‘मागितलं ते मिळालं’ एवढंच छापून आणलं, आणि त्याच आठवड्यात शेजाऱ्याची गच्ची कोसळल्याचं सगळ्यांना आठवलं. तेव्हापासून संतांकडून काय घेतलं याचा खुलासा सक्तीचा झाला.

कोणत्या संताकडे किती गर्दी हे जुळाऱ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. हरवलेल्या वस्तूंसाठी अंतोनी. अगदीच हात टेकले की यूदा. संसारात होरपळलेल्या बायकांसाठी रिटा. या तिघांची नावं इतक्यांदा लागत की ‘संत यूदा यांचे आभार’ अशा ओळी त्याने कायमच्या जुळवून, दोऱ्याने बांधून फळीवर ठेवल्या होत्या. उचलायची आणि बसवायची. कधीमधी एखादा दुसराच संत आला की त्याला नवी ओळ जुळवावी लागे, आणि मग त्या संताबद्दल त्याला उगाच आदर वाटे.

“सगळे मेले एकाच्याच मागे,” तो मशीनवाल्याला म्हणे. “यूदाला काय झोपबीप आहे की नाही? वर इतके संत रिकामे बसलेत, त्यांना कोणी विचारत नाही. लोकांना देवापाशीसुद्धा ओळखीचाच माणूस लागतो.”

“मग तुमचा कोण, मास्तर?” मशीनवाला विचारी. छापखान्यात पाय मारायला तो आणि अक्कल पाजळायला जुळारी, अशी कामाची वाटणी होती.

“मला नाही लागत,” जुळारी म्हणे. “माझं काही अडतच नाही.”

आणि मग अडलं. जिथे अडलं ती जागा सांगण्यासारखी नव्हती. बारा महिने लाकडी स्टुलावर बसणाऱ्या माणसाला जे व्हायचं ते त्याला झालं, आणि असं झालं की डोळ्यांपुढे तारे चमकले. मूळव्याधीने कोणाचं कधी भलं झालेलं नाही, पण हिने जुळाऱ्याची जन्माची गुर्मी दोन दिवसांत उतरवली. डॉक्टरकडे जाणं म्हणजे डॉक्टरला दाखवणं आलं, आणि ते त्याला मरण आलं तरी नको होतं. त्यात डॉक्टर कॉयरमध्ये त्याच्या शेजारी उभा राहून गायचा. दर रविवारी त्याच्याकडे कोणत्या तोंडाने बघणार?

शेवटी छापखान्याच्या कपाटात धूळ खात पडलेला संतचरित्रांचा जाडजूड ग्रंथ त्याने खाली काढला आणि उभ्यानेच चाळला. ‘फ’मध्ये त्याला फियाकर सापडला. फार जुन्या काळचा हा संत. रानात एकटा राहायचा, फावडं घेऊन बाग करायचा, वाटसरूंना भाजी खायला घालायचा. एकदा थकूनभागून हा दगडावर बसला, तर दगडच मऊ झाला म्हणे, उशीसारखा, आणि त्यावर त्याच्या बैठकीचा ठसा उमटला. पुढे ज्यांना ज्यांना बसायची पंचाईत होती ते सगळे त्या दगडावर बसायला येऊ लागले. जुळाऱ्याने ग्रंथ मिटला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कोणीतरी आपल्यासाठी इतकी शतकं थांबलेलं आहे असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

त्याने नवस बोलून टाकला, ‘बरं कर, तुझं नाव छापतो.’ आठ दिवस तो खणांपुढे उभा राहून काम करत होता आणि मनात फियाकरला आळवत होता. आठ दिवसांत आराम पडला. आठ दिवस स्टुलावर न बसल्याचा त्याच्याशी काही संबंध असेल, असा विचारही त्याच्या मनाला शिवला नाही. शिवला असता तरी त्याने तो हाकलून दिला असता.

आता नवस फेडायचा. तो स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, हातात घेऊन उभा राहिला आणि तिथेच अडला. कशाबद्दल आभार ते लिहायला हवं. ‘एक भाविक’ म्हटलं म्हणून काय झालं? आठवडाभर मास्तर उभ्याने काम करताहेत हे अख्ख्या चर्चने बघितलं होतं, आणि मशीनवाल्याने ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगितलं होतं. ‘मूळव्याध’ हा शब्द शेवटच्या पानावर आला की बोट थेट त्याच्याकडेच जाणार. बरं, खोटं कारण छापावं, तर हा पडला काटेकोर माणूस. स्वतःच्या आभारात त्याने खोटं लिहिणं शक्य नव्हतं.

दुसऱ्याच्या आभारात मात्र शक्य होतं. त्या आठवड्यात एका गाडीवाल्याने मुलगा पास झाल्याबद्दल यूदाचे आभार मानले होते. जुळाऱ्याने हिशेब मांडला, की यूदाला दर आठवड्याला ढीगभर आभार मिळतात, त्यातला एक गेला तर त्याला कळणारही नाही. फियाकरला कित्येक शतकांत एकही मिळालेला नाही. त्याने यूदाची बांधलेली ओळ फळीवर परत ठेवली आणि खणांतून एकेक अक्षर वेचून ‘संत फियाकर यांचे आभार’ जुळवलं. रविवारी ते छापून आलेलं बघून त्याला इतकं बरं वाटलं, की नवस फिटला तरी पुढच्या आठवड्यात त्याने पुन्हा एक नाव बदललं. मग दोन. लबाडीची गंमत अशी, की ती काटेकोर माणसाच्या हातून फार सुबक होते.

तक्रार कोण करणार? तक्रार करायची तर ‘ते भाविक आम्हीच’ हे आधी कबूल करावं लागलं असतं, आणि आपल्या घरात काय चाललंय हे सांगायला कोण तयार होतं? शिवाय पत्रक म्हणजे छापील. लोक हाताने लिहिलेल्यावर शंका घेतात, छापलेल्यावर नाही. ज्यांचे आभार वळते झाले होते त्यांतले काही तर बुचकळ्यात पडले, की आपण बहुतेक फियाकरकडेच मागितलं असावं.

दोन-चार महिन्यांत व्हायचं ते झालं. आभारांत फियाकरचं नाव सारखं दिसू लागल्यावर लोक त्याच्याकडे मागू लागले. ज्यांनी मागितलं त्यांतल्या काहींची कामं, कामं जशी कधीकधी होतात तशी, झाली. आणि पेटीत फियाकरच्या नावाच्या खऱ्या चिठ्ठ्या पडू लागल्या. परीक्षा, सोयरीक, बदली, भाडेकरू निघून जाणं, सगळं फियाकर करू लागला. जुळाऱ्याने त्याची ओळ कायमची जुळवून दोऱ्याने बांधून टाकली.

कॉयरमध्ये पुढच्या रांगेत गाणारी आणि चर्चमधल्या प्रत्येक गोष्टीत पुढे असणारी एक बाई होती. तिला सगळे कॉयरबाई म्हणत. तिने एका रविवारी सगळ्यांदेखत फादरांना विचारलं, “फादर, हा फियाकर नक्की कशाचा संत?”

फादरांनी ग्रंथ मागवला, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, “बाग करणारे, गाड्या हाकणारे, आणि...” मग ते थांबले. कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. “आणि इतर गरजू.”

पुढे त्या ग्रंथात असंही लिहिलं होतं की या संताला बायकांचा तिटकारा होता आणि त्याच्या आवारात बाईला पाऊल टाकायची बंदी होती. तेही फादरांनी गिळलं. समोर सगळ्या बायकाच बसल्या होत्या.

आता ताई. जुळाऱ्याची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा तिनेच याला वाढवलं, तिनेच त्या वेळच्या फादरांच्या हातापाया पडून याला छापखान्यात चिकटवलं. तिचं स्वतःचं लग्न झालं होतं, पण नवरा हात उचलायचा. तो मेल्यावर ती भावाकडे आली ती कायमची. वेदीवरची कापडं शिवून शिवून तिचे डोळे गेले होते. एकाने तर पार दिसत नव्हतं आणि दुसऱ्यावर दाट पडदा आला होता. पत्रक ती कधी वाचत नसे, ते हातात घेऊन नुसती चाचपायची. “माझा भाऊ छापतो,” ती सांगायची. “काना-मात्रेची चूक सापडायची नाही.” भिंतीवर तिच्या पलंगाच्या डोक्याशी रिटाची तसबीर होती. रिटाचाही नवरा मारकुटा होता. त्यामुळे दोघींचं जमायचं. ताई तिच्याशी प्रार्थना अशी करतच नसे, नुसती बोलायची. संध्याकाळी दिवा लावला की सुरू. आज पाणी आलं नाही, गुडघा ठणकतोय, भाऊ अलीकडे उभ्याने जेवतो, काय झालंय कळत नाही. कधी भांडायचीसुद्धा. “तुला काय, तू सुटलीस,” म्हणायची. पलीकडच्या खोलीत जुळारी हे ऐकत ऐकत झोपी जायचा. हे असं वर्षानुवर्षं चाललेलं होतं.

मग डोळ्याचं ऑपरेशन झालं. ‘दिसेल याची खात्री देत नाही,’ असं डॉक्टरांनी आधीच सांगून हात वर केले होते. पट्टी सुटली आणि ताईला समोरच्या खिडकीचे गज दिसले. एक, दोन, तीन, चार. ती लहान मुलीसारखी मोजत राहिली.

तिने रिटाला नवस केला होता, पण भावाला सांगितलं नव्हतं. तिला त्याला चकित करायचं होतं. पट्टी असताना तिने शेजारणीकडून चिठ्ठी लिहून घेतली आणि नजर आल्यावर पेटीत टाकायला लावली. बेत असा, की रविवारी पत्रक घरी आलं की आपणच ते हातात घ्यायचं आणि त्याच्यापुढे खणखणीत वाचून दाखवायचं. चिठ्ठीही तिने मुद्दाम, नियमापुरतं कारण येईल पण ओळखू येणार नाही, अशी सांगितली होती. ‘जे गेलं म्हणून सगळ्यांनी सांगितलं, ते परत दिल्याबद्दल संत रिटा यांचे आभार.’

जुळाऱ्याने ती चिठ्ठी गठ्ठ्यातून काढली तेव्हा अक्षर अनोळखी होतं. जुळाऱ्याचा डोळा तसंही अक्षर बघतो, अर्थ बघत नाही. बघितलाच तर एवढाच, की कोणा बाईचं काहीतरी हरवलेलं मिळालंय, दागिना असेल नाहीतर नवरा. हरवलेल्यासाठी अंतोनीकडे जायचं सोडून ही बया रिटाकडे गेली, म्हणजे मुळातच चुकीच्या खिडकीवर उभी आहे. हिला फियाकरकडे पाठवलं तर काय बिघडलं? त्याने रिटाची ओळ ठेवली आणि फियाकरची उचलली.

रविवारी ताई खिडकीपाशी बसली. पत्रक उलटं केलं, डोळ्याजवळ धरलं. ओठ हलले आणि थांबले. तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“काय गं?” जुळाऱ्याने विचारलं.

“ही चिठ्ठी माझी,” ती हळू म्हणाली. “डोळ्याची. मी रिटा सांगितलं होतं. शेजारीण रिटाच लिहिणार, तिने मला वाचूनही दाखवलं होतं. आणि इथे आलंय फियाकर.”

जुळाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो काहीतरी बोलणार, तोच ताईने हात वर केला.

“थांब. मला विचार करू दे. तुझ्या हातून चूक झाली म्हणावं, तर तू चूक करत नाहीस. जन्मात केली नाहीस. आणि एखादं अक्षर चुकेल, अख्खा संत कसा चुकेल?” तिने पत्रक पुन्हा डोळ्याजवळ नेलं. मग म्हणाली, “म्हणजे हे वरूनच आलं. डोळा तिने दिलाच नाही. ह्याने दिला. मी भलत्याच माणसाचे आभार मानत होते, ते वरून दुरुस्त करून आलं.”

याच क्षणी त्याने खरं सांगायला हवं होतं. त्याने पाणी प्यायलं. भित्र्या माणसाला अशा वेळी नेहमी तहान लागते.

त्याच दुपारी ताईने रिटाची तसबीर भिंतीवरून काढली, पदराने पुसली आणि पेटीत कपड्यांखाली ठेवून दिली. “राग नाही माझा,” ती म्हणाली. “पण इतकी वर्षं मी बोलत होते, आणि तिकडे कोणी ऐकतच नव्हतं म्हणायचं.”

संध्याकाळी दिवा लागला. घरात चिडीचूप. ताई पलंगावर बसून रिकाम्या भिंतीकडे बघत होती. भिंतीवर तसबिरीच्या जागी फिकट चौकोन राहिला होता, आणि आता तिला तो स्पष्ट दिसत होता.

“फियाकरशी बोल ना,” जुळारी दारातून म्हणाला. त्याची लाज कोणत्या टोकाला गेली होती बघा.

“काय बोलू? अनोळखी पुरुष. त्यातून बाग करणारा. माझ्या गुडघ्याचं त्याला काय कळणार?”

इकडे कॉयरबाईला ही हकीकत कळली आणि मग ती कोणाला कळायची राहिली नाही. शिशाची अक्षरं रातोरात आपण होऊन बदलली, असं तिने सांगितलं. तिच्याकडून ऐकणाऱ्याने त्यात उजेड घातला, त्याच्याकडून ऐकणाऱ्याने सुगंध घातला. लोक छापखान्याच्या दारातून डोकावून खणांना हात जोडू लागले. मशीनवाला कोणाला आत सोडायचं आणि कोणाला नाही ते ठरवू लागला आणि भलताच भाव खाऊ लागला. फियाकरचा पुतळा बसवायचं ठरलं, समिती नेमली गेली, झोळी फिरली, मूर्तिकाराला विसार गेला.

जुळाऱ्याला अन्न गोड लागेना. त्याला पुतळ्याचं काही नव्हतं, लोकांचं तर त्याहून नव्हतं. लोक असल्याच गोष्टींना टपलेले असतात, असं त्याचं आधीपासूनचं मत. त्याला खात होती ती संध्याकाळची शांतता. ताईचं बोलणं बंद झालं होतं. त्याला आत्ता कळलं, की नवऱ्याने मारलेल्या वर्षांत, डोळे जात असलेल्या वर्षांत तिच्याशी बोलायला एकच बाई होती, आणि ती त्याने दोऱ्याने बांधलेल्या एका ओळीपायी हिसकावून घेतली होती.

तो फादरांकडे गेला आणि सगळं सांगायला लागला. पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत फादर उठले आणि त्यांनी ऑफिसचं दार लावून घेतलं.

“हे इथे नको. पापनिवेदनात सांग,” ते म्हणाले. “तिथे सांगितलंस की मला ते कोणालाही सांगता येणार नाही.”

“पण फादर, ते सगळ्यांना कळावं म्हणूनच तर मी आलोय. पुढच्या अंकात दुरुस्ती छापू.”

“पुतळ्याचा विसार गेलाय,” फादर म्हणाले. मग जरा मवाळ होऊन म्हणाले, “अरे, श्रद्धा एका संतावरून दुसऱ्या संतावर गेली, चर्चच्या बाहेर तर नाही ना गेली? घरातल्या घरात आहे. सोड.”

फादरांच्या घरी रिकामी भिंत नव्हती. जुळारी उठून आला.

त्या संध्याकाळी त्याने ताईला सांगितलं. “ताई, ते वरून आलं नव्हतं. नाव मी बदललं. मुद्दाम.”

ताईने त्याच्याकडे बघितलं, नवीन डोळ्याने, नीट. “का?”

जिने आपल्याला अंघोळ घातली, नाक पुसलं, तिच्यापुढेही तो शब्द येईना. “असंच,” तो म्हणाला.

“असंच?” ताई हसली, आणि ते हसू त्याला थोबाडीत मारल्यासारखं लागलं. “तू असंच काही करत नाहीस. मला वाईट वाटतंय म्हणून सांगतोयस ना? लहानपणापासून तसाच आहेस. मी फोडलेली कपबशीसुद्धा आपण फोडली म्हणायचास. नको रे. माझ्यासाठी खोटं नको बोलूस.”

तो दोनदा म्हणाला, तीनदा म्हणाला. तिने प्रत्येक वेळी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. कोणी आपल्यावर इतका विश्वास टाकावा, की आपलं पापसुद्धा पदरात घेऊ नये, यापरती शिक्षा नाही.

दुसऱ्या दिवशी तो छापखान्यात गेला. पत्रक जुळवून झालं होतं. फादरांनी नेहमीप्रमाणे फक्त आपलं प्रवचन वाचून सही केली होती. जुळाऱ्याने मशीनवाल्याला चहाला पाठवलं, शेवटच्या पानाचे वरचे आभार उचलून बाजूला ठेवले आणि सगळ्यात मोठे खिळे असलेला खण ओढला. तोंडाला जे येत नव्हतं ते बोटांना येत होतं. अक्षरामागून अक्षर, कुठेही न अडखळता त्याने जुळवलं:

‘संत रिटा यांचे आभार. माझ्या बहिणीच्या डोळ्याला नजर संत रिटा यांनी दिली. त्या जागी संत फियाकर यांचं नाव मी मुद्दाम घातलं. याआधीही पुष्कळांची नावं बदलली. कारण संत फियाकर यांनी माझी मूळव्याध बरी केली आणि ते छापायची मला लाज वाटली. – जुळारी.’

‘एक भाविक’ नाही. मशीनवाला चहा पिऊन आला आणि न वाचता पाय मारायला लागला. पत्रकावर पत्रक बाहेर पडू लागलं.

रविवारी मिस्सा संपायच्या आतच पत्रकं उलटी झाली. आधी मागच्या बाकावर कोणीतरी खोकला दाबल्यासारखं केलं, मग पुढे, मग सगळीकडून. कॉयरबाईचा वरचा सूर मध्येच फुटला. फादर वेदीवरून जुळाऱ्याकडे असे बघत होते, की संत असते तर त्यांनी त्याचा तिथल्या तिथे दगड केला असता. बाहेर पडताना लोकांनी त्याला वाट करून दिली, आणि वाट संपेपर्यंत कसंबसं हसू आवरून धरलं. एक दोघांना तेही जमलं नाही. “मास्तर, बसा की!” असं कोणीतरी मागून ओरडलं, आणि त्यावर जो हशा उठला तो रस्त्याच्या वळणापर्यंत त्याच्या पाठी लागला. अक्षरं आपोआप बदलली म्हणून ज्यांनी खणांना हात जोडले होते, तेच सगळ्यात मोठ्याने हसत होते.

मात्र पुढच्या आठवडाभरात त्यांतलेच कितीतरी पुरुष काही ना काही निमित्त काढून एकेकटे छापखान्यात आले. लग्नपत्रिकेचा भाव विचारायचे, शाईचा डबा हातात घेऊन बघायचे आणि मग आवाज खाली आणून म्हणायचे, “तुम्ही ते लिहिलं होतं ना... खरंच फरक पडतो का हो?” कॉयरमधला डॉक्टरही येऊन गेला. पुतळ्याचा विसार परत मिळणार नव्हता, म्हणून पुतळा आला, आणि कुठे ठेवायचा यावर वाद होऊन शेवटी मागच्या बागेत, नळापाशी उभा राहिला. त्याच्यापुढे मेणबत्त्या लागतात, पण त्या लावताना कोणी कोणाला दिसत नाही.

ताईने ते आभार खिडकीपाशी बसून वाचले. जुळारी दारात उभा होता. वाचून झाल्यावर ती म्हणाली, “असलं कोणी खोटं छापत नाही.”

“नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे तिनेच दिला डोळा. आणि मी तिला कपड्यांखाली कोंबून ठेवली.” ती उठली, पेटी उघडली, तसबीर काढून छातीशी धरली आणि रडली. भावाकडे तिने बघितलं नाही. खिळ्याला तसबीर अडकवताना ती रिटाला सांगत होती, “मला मेलीला कळलंच नाही गं. मला वाटलं तूच नव्हतीस. सगळा घरातल्याचा उपद्व्याप, आणि शिक्षा तुला.” मग गुडघ्याचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, मधल्या सगळ्या दिवसांचं तुंबलेलं सांगितलं. पलीकडच्या खोलीत जुळाऱ्याने ते ऐकलं आणि त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. बस, आता सगळं पहिल्यासारखं झालं, असं त्याला वाटलं.

तसं झालं नाही. ताई त्याला बोलली नाही, रागावली नाही, जेवायला वाढायची, अंगात सदरा धड आहे का बघायची. पण पुढच्या रविवारी पत्रक घरी आल्यावर तिने ते उलटं केलं नाही. पहिल्या पानावर, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, कानावर अडकवलेली पेन्सिल काढली आणि वाचायला सुरुवात केली. फादरांचं प्रवचन, लग्नं, मयती, सगळं.

“ताई, हे काय?” त्याने विचारलं.

“तपासतेय,” ती म्हणाली. “इतकी वर्षं दिसत नव्हतं, म्हणून तू सांगशील ते खरं धरलं. आता दिसतंय.”

तो समोर उभा राहिला, हात मागे बांधून, वर्गातल्या पोरासारखा. पेन्सिल कागदावर हळूहळू खाली सरकत होती. ताईने त्या पत्रकात तीन चुका काढल्या, आणि तिन्ही खऱ्या होत्या.